पुढच्या ब्रेकचा मास्टर बदलताना : एप्रिल ते जून २०२५

६ एप्रिल २०२५

गाडी दीडशे सीसीची, २०११ सालची. पुढे २४० मिमीची डिस्क, एकाच बाजूला दोन पिस्टन असलेलं सरकतं कॅलिपर (पॅडने डिस्क आवळणारा भाग), मागे ड्रम. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ही त्याच्या कितीतरी आधीची. एबीएसवाल्या गाडीवर या नोंदी जशाच्या तशा वापरू नयेत, तिथे यंत्रणेत अडकलेली हवा काढायचं तंत्र वेगळं असतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीची नाही. इतकी वर्षं वेळणेश्वरच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली कुठलीही गाडी अशीच झाली असती.

लक्षण असं : पुढचा ब्रेक दाबून धरला की लिव्हर आधी घट्ट लागतो आणि मग हळूहळू मुठीकडे सरकत जातो. खाली थेंबभरही तेल गळत नाही. म्हणजे तेल बाहेर जात नाहीये, मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळचा ब्रेकचा पंप, त्यावरच तेलाचं भांडं) आतल्या आत, पिस्टनवरच्या रबरी कपाच्या कडेने ते मागे भांड्याकडे निसटतंय. शिवाय लिव्हरच्या बुडाशी, जिथे रबरी टोपी असते, तिथे बोट लावलं तर ओलसर लागतं. म्हणजे मागचा दुसरा कपही थकलाय.

शृंगारतळीच्या गॅरेजवाल्या दादांनी लिव्हर दोनदा दाबला आणि म्हणाले, “पंप गेला. किट टाकायचं की नवीनच बसवायचा ते तुम्ही ठरवा. पण आगोटीच्या आत करा, मग माझ्याकडे रांग लागते.” काम घरीच करणार हे त्यांना माहीत आहे, तरी सल्ला फुकट देतात. मृगाला दोन महिने आहेत. मध्ये आंबा आहे.

९ एप्रिल

काहीही उघडण्याआधी जुन्या पंपाकडून शेवटचं काम करून घेतलं. कॅलिपर डिस्कवरून उतरवलं, पॅड काढले आणि लिव्हर मारत मारत दोन्ही पिस्टन बऱ्यापैकी बाहेर आणले. एक पटकन आला, दुसरा अडून बसला. मोकळ्याला लाकडाची पट्टी लावून अडवलं तेव्हा दुसरा हलला. पंप आधी काढला असता तर हेच काम कॉम्प्रेसरच्या हवेने करावं लागलं असतं, आणि हवेने सुटलेला पिस्टन बोटं फोडतो. व्हर्नियर लावला : दोन्ही पिस्टन २७ मिमी.

मग भांड्याचं झाकण. हे दोन छोटे स्क्रू म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीचं दुखणं. जपानी पद्धतीच्या स्क्रूची खाच उथळ असते, आपला नेहमीचा चौफुली स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही आणि जोर लावला की वर चढून खाच खाऊन टाकतो. त्यात स्क्रू लोखंडी, भांडं ॲल्युमिनियमचं आणि मध्ये मीठ. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी योग्य मापाचा बिट बसवून वर हातोडीचे हलके ठोके दिले, मग फिरवलं. एक सुटला. दुसऱ्याचं डोकं ड्रिलने उडवलं आणि उरलेला दांडा पकडीने फिरवून काढला. भांडं टाकूनच द्यायचं असल्याने फार हळवं व्हायचं कारण नव्हतं.

आतलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळाला गाळ. सर्क्लिप पकडीने लॉक काढलं, पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर घेतली, टॉर्च मारून आत पाहिलं. कप जिथे मागे-पुढे सरकतो नेमक्या त्याच पट्ट्यात पांढरे खड्डे पडलेत. इथे किटचा, म्हणजे जुन्याच बॉडीत नवे कप-पिस्टन घालण्याचा, प्रश्न मिटला. खड्ड्यावरून नवा कप फिरवला तर तो काही महिन्यांत फाटणार. पॉलिश पेपर मारून खड्डे घासले तर ॲनोडायझिंगचा कडक थर जातो आणि खाली मऊ धातू उघडा पडतो, मग खारी हवा दुप्पट वेगाने खाते. अख्खा पंप नवा.

बॉडीच्या खालच्या अंगाला ‘१/२’ असं उमटवलेलं आहे. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमीचा बोअर (पिस्टन सरकतो त्या नळीचा आतला व्यास). निसिनसारख्या कंपन्या हा आकडा बॉडीवरच घालतात : ११, १४, १/२, ५/८. नवा पंप शोधताना आधी तो वाचावा.

१३ एप्रिल

आज आकडेमोड. पुतण्या मुंबईहून आलाय, त्याच्या मोबाईलवर चकचकीत रेडियल पंपांचे (पिस्टन हँडलला काटकोनात असलेल्या) फोटो आहेत. “काका, बदलताच आहात तर मोठा मास्टर टाका. एकोणीसचा. ब्रेक दगडासारखा लागेल.”

दगडासारखा लागेल हे अगदी खरं. थांबेल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो कागदावर सोडवता येतो. पास्कलचा नियम सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो : बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बोअर मोठा केला की क्षेत्रफळ वाढतं आणि तेवढ्याच हाताच्या जोरात दाब *कमी* होतो.

माझ्या गाडीत लिव्हर जिच्यावर फिरतो त्या खिळीपासून पिस्टनला ढकलणाऱ्या टोकापर्यंत २२ मिमी, खिळीपासून माझ्या दोन बोटांच्या मध्यापर्यंत ११० मिमी. पाचपट. बोटांनी ५ किलोचा जोर दिला तर पिस्टनवर २५ किलो.

जुना १२.७ मिमीचा बोअर : क्षेत्रफळ १.२७ चौरस सेंटिमीटर, दाब सुमारे २० किलो प्रति चौ. सेंमी. खाली २७ मिमीचे दोन पिस्टन, मिळून ११.४५ चौ. सेंमी. पॅड डिस्कला दाबतो साधारण २२५ किलोने.

११ मिमीचा बोअर : क्षेत्रफळ ०.९५, दाब २६ च्या वर, पॅडवर ३०० किलो. त्याच हाताने तेहतीस टक्के जास्त.

आता पुतण्याचा रेडियल. त्याच्यावर दोन आकडे असतात, जसं १९ × २०. पहिला बोअरचा, दुसरा खिळीपासून पिस्टनपर्यंतच्या अंतराचा. अंतर २० धरलं तर माझ्या बोटांना साडेपाचपट मिळेल, म्हणजे साडेसत्तावीस किलो. पण १९ मिमीचं क्षेत्रफळ २.८४ चौ. सेंमी. दाब दहाच्याही खाली, पॅडवर ११० किलो. जुन्या, मरायला टेकलेल्या पंपाच्या निम्मा! एकोणीसचा पंप दोन डिस्क आणि चार-चार पिस्टनांची कॅलिपरं असलेल्या मोठ्या गाड्यांसाठी केलेला असतो. तिथे ढकलायचं तेलच इतकं की लहान बोअर पुरणार नाही. माझ्या गाडीवर तो लावला तर लिव्हर हलणारच नाही, आणि न हलणाऱ्या लिव्हरलाच लोक ‘कडक ब्रेक’ म्हणून वाखाणतात.

पुतण्याने आकडे दोनदा तपासले. “म्हणजे लहान टाकला की जास्त लागतो? मग सगळे लहानच का नाही टाकत?”

कारण फुकट काही मिळत नाही. लहान बोअर एका ढकलीत तेलही कमी देतो. पॅड आणि डिस्कमधली फट मिटवायला कॅलिपरचे पिस्टन, समजा, ०.२ मिमी सरकायला हवेत. त्याला २२९ घन मिमी तेल लागतं. १२.७ च्या पंपाला त्यासाठी १.८ मिमी सरकावं लागेल, ११ च्याला २.४. लिव्हरच्या टोकाशी हेच पाचपट : ९ मिमी आणि १२ मिमी. हे नुसतं फट मिटवण्याचं. त्यापुढे रबरी पाइप दाबाने फुगतो, त्यात जाणारं तेल वेगळं. चौदा वर्षांचा पाइप किती फुगत असेल! म्हणून ११ चा पंप जुन्या पाइपवर बसवला तर लिव्हर मुठीला टेकण्याची भीती खरी आहे.

म्हणून ठरवलं : ११ मिमीचा साधा, हँडलला समांतर पिस्टन असलेला पंप, आणि सोबत आतून टेफ्लॉनची नळी व वरून स्टीलच्या तारेची वीण असलेला पाइप. वीण नळीला फुगू देत नाही. पाइपमध्ये वाया जाणारी लिव्हरची चाल वाचते, ती लहान बोअरला देता येते. दोन्ही एकत्र केलं तर जमाखर्च जुळतो, एकेकटं केलं तर नाही.

आणि मला जोर नकोच आहे खरं तर. डिस्क २४० ची, टायर अरुंद. चाक लॉक करण्याइतका जोर जुन्या पंपातही होता, चांगला असताना. मला हवी आहे चाल. लिव्हर थोडा जास्त सरकत असेल आणि त्या सरकण्यात ब्रेक हळूहळू वाढत असेल, तर बोटांना मोजता येतं. लाल मातीच्या राडीवर तेच कामाला येतं.

२० एप्रिल

चिपळूणला पार्टच्या दुकानांत फिरलो. ११ मिमीचा म्हणून दोन पंप दाखवले गेले. एकावर नामांकित जपानी कंपनीचं नाव, पण ओतीव अक्षरांच्या कडा बोथट, भांड्याच्या काचेवर साच्याची रेघ आणि किंमत अविश्वसनीय. नक्कल. झाकण उघडून तळाची दोन भोकं पाहिली : मोठं भोक तेल आत येण्याचं, दुसरं सुईच्या टोकाएवढं, दाब सुटल्यावर तेल परत जाण्याचं. नकली पंपात बारकं भोक कडेला बुरासकट ड्रिल केलेलं दिसलं. हा बुरा पहिल्याच आठवड्यात कप कापतो. दुसरा पंप बरा होता, पण भोकाला नेम नव्हता. दोन्ही परत ठेवले. अस्सल माल दुकानदाराकडून मागवून घेतला, आठ-दहा दिवस लागतील म्हणाला.

बँजो बोल्टचं (पाइप पंपाला आणि कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आधीच विचारून ठेवलं. जपानी घराण्याच्या पंपांना १० मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) लागतो, ब्रेम्बो घराण्याच्या पंपांना १० मिमीचाच पण १.० पिचचा. दिसायला सारखे. चुकीचा बोल्ट हाताने दोन फेरे जातो आणि मग जड होतो. तिथे ‘थोडा घट्ट आहे’ म्हणून पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेले. हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर तो बोल्ट त्या पंपाचा नाही.

आरशाचंही तसंच. पंपाच्या क्लॅम्पवर आरसा बसतो, आणि यामाहाच्या गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. माझे सरळ आहेत, तरी दुकानातच आरसा फिरवून बघणार.

घेतलं : डॉट ४ ब्रेक तेलाची सीलबंद बाटली, तांब्याची वायसरं (मोजून लागतात त्याहून जास्त, कारण हरवतात), कॅलिपरच्या सीलचं किट, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस. पाइपचं माप दोरीने आधी घेतलं होतं : पुढचं चाक उचलून, फोर्क पूर्ण लोंबू देऊन आणि हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून. उभ्या गाडीवर घेतलेलं माप खड्ड्यात कमी पडतं.

२७ एप्रिल

पंप यायचाय, तोवर कॅलिपर. आज दिवसभर हेच.

लोक वरचा पंप बदलतात आणि खालचं तसंच ठेवतात. इथल्या हवेत खालचंच आधी मरतं. सरकतं कॅलिपर दोन पिनांवर सरकतं. पिस्टन आपल्या बाजूच्या पॅडला ढकलतात आणि कॅलिपर स्वतः मागे सरकून पलीकडचा पॅड ओढून आणतं. पिना अडकल्या तर एकच पॅड काम करतो आणि कॅलिपरची बॉडी वाकायला बघते. लिव्हरला ते मऊ लागतं आणि दोष पंपाला जातो. माझी वरची पिन बोटांनी हललीही नाही. रॉकेलमध्ये ठेवून, फिरवून फिरवून काढली. आत जुनं ग्रीस गोंदासारखं झालेलं. पिना घासल्या, रबरी टोप्या नव्या, सिलिकॉन ग्रीस. साधं लाल किंवा पिवळं ग्रीस इथे चालत नाही, खनिज तेलाने हे रबर फुगतं. त्याच कारणाने सीलजवळ पेट्रोल-रॉकेल अजिबात नको. सील बसवताना ब्रेकचंच नवं तेल लावायचं.

पिस्टन बाहेर काढले. क्रोम चांगला आहे, नखाला काही लागत नाही. खरी घाण सीलच्या खोबणीत होती. ॲल्युमिनियमची पांढरी पूड खोबणीच्या तळाशी साचून दगड होते आणि चौकोनी सीलला मागून उचलते. सील पिस्टनला आवळतं, पिस्टन अडतो. हे सील फक्त तेल अडवत नाही. दाब आला की ते पिस्टनसोबत थोडं मुरडतं आणि दाब सुटला की मूळ आकारात येताना पिस्टनला मागे ओढून घेतं. पॅडची फट त्यामुळेच राहते, वेगळी स्प्रिंग नसते. खोबणीत पूड असली की हे मुरडणं बंद, मग ब्रेक घासत राहतो. पितळी पट्टी घासून तिचा हूक केला आणि खोबणी कोरली. स्टीलची सुई वापरली तर ओरखडा कायमचा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती पाहिली, मायक्रोमीटरने मोजली. अजून जागा आहे.

४ मे

पंप आला. बारकं भोक स्वच्छ, बॉडीवर ११. हात आज आंब्यात. घरची कलमं थोडी, पण काढणीला माणूस मिळत नाही, त्यामुळे झेला आमच्याच खांद्यावर. पंप पेटीतच.

१० मे

जोडणी. क्लॅम्पवर ‘अप’ असं लिहिलेलं असतं, ते वर. आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळायचा, मग खालचा. फट राहिली तर खाली राहते, वरून पाणी आत जात नाही. स्टेनलेसचे बोल्ट वापरावेत असा मोह होतो, पण ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस आणि वर खारट ओल, अशी जोडी ॲल्युमिनियम कुरतडते. वापरलेच तर आट्यांना अँटिसीझ (आटे धरू न देणारी पेस्ट) लावून. मी जस्ताचा मुलामा असलेलेच ठेवले, दर वर्षी बदलेन.

लिव्हर बसवल्यावर पहिली तपासणी : लिव्हर आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक हवी. मोकळीक नसेल तर पिस्टन विश्रांतीतही थोडा आत राहतो आणि कप त्या बारक्या भोकावर बसतो. मग तेल गरम होऊन फुगलं की परत जायला वाट नाही, दाब वाढत जातो आणि ब्रेक आपोआप धरू लागतो. बाजारातले रंगीत, घडीचे लिव्हर लावणाऱ्यांनी हे आधी बघावं. माझ्याकडे मूळचाच लिव्हर आहे, टोकाशी दोन-तीन मिमी मोकळा फिरतो.

ब्रेकलाइटचा स्विच जुनाच, नव्या पंपाला बसला. संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवं चढलं होतं, घासून ग्रीस लावलं.

बँजोला खाली-वर एकेक नवं वायसर. टॉर्क आपापल्या गाडीच्या पुस्तकातला. ‘अंगाच्या जोराने’ आवळलेले बँजो तुटताना पाहिलेत.

११ मे

हवा काढली. सकाळी ऊन चांगलं होतं, त्यामुळेच आज. डॉट ३, ४ आणि ५.१ ही तेलं हवेतली ओल शोषतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५. पाणी उकळून वाफ झाली की वाफ दबते आणि लिव्हर मुठीला टेकतो. आमच्याकडच्या दमट हवेत बाटली उघडी ठेवून चहाला जाणं परवडत नाही. डॉट ५ हे नाव फसवं आहे, ते सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं, यात मिसळायचं नाही.

टाकीवर ओलं फडकं पसरलं. हे तेल रंग खातं, सांडलं की लगेच पाणी मारायचं.

कोरड्या यंत्रणेत वरून पंप मारत बसलो तर अर्धा दिवस जातो. हवा वर जाऊ बघते आणि आपण तिला खाली ढकलत असतो. म्हणून खालून : मोठ्या सिरिंजमध्ये तेल भरलं, सलाइनची पारदर्शक नळी लावली, नळीतली हवा काढून ती कॅलिपरच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) घट्ट बसवली, निपल पाव फेरा सैल केला आणि सावकाश ढकललं. वर भांड्यात आधी नुसती फुसफुस, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल. भांडं भरून वाहू नये म्हणून पुतण्या दुसरी सिरिंज घेऊन वर उभा. मग निपल बंद करून नेहमीची रीत : लिव्हर दाब, धर, निपल उघड, बंद कर, लिव्हर सोड. हा क्रम पुतण्याला आज पाठ झाला.

शेवटी भांडं उघडं असतानाच लिव्हर अगदी अलगद हलवला. तेलावर बारीक कारंजं उसळलं, म्हणजे बारकं भोक मोकळं आहे. लिव्हर जोरात दाबला तर हेच कारंजं डोळ्यात जातं.

रात्री हँडल डावीकडे वळवून पंप सगळ्यात उंच केला आणि लिव्हर केबल टायने मुठीला बांधून ठेवला.

१२ मे

टाय कापला, तीन-चार बारीक बुडबुडे भांड्यात आले. लिव्हर दाबून धरला, मिनिटभर सरकला नाही. बँजो कोरडे. चाक उचलून फिरवलं : ब्रेक सोडल्यावर मोकळं फिरतं.

चाल जुन्यापेक्षा जास्त आहे, पण मुठीपासून दोन बोटं अंतर राहतं. हिशेब जुळला.

१५ मे

आधी गावातल्या सपाट रस्त्यावर पॅड डिस्कवर नीट बसवून घेतले : मध्यम वेगावरून हळूहळू थांबणं, मध्ये डिस्क थंड होऊ देणं. त्यानंतर मोडकाआगर, मार्गताम्हाने करत चिपळूण, आणि तिथून कुंभार्ली घाट वर हेळवाकपर्यंत. खरी परीक्षा उतरताना. पोफळीकडे येणारी वळणं, मागे पुतण्या बसलेला, मुद्दाम गिअर एकाने वर ठेवून इंजिनचा ब्रेक कमी केला, म्हणजे डिस्कला काम पडेल. खाली थांबल्यावर डिस्कजवळ हात नेववत नव्हता. लिव्हर जिथे होता तिथेच. जुनं तेल असतं तर इथपर्यंत स्पंज झाला असता.

वाटलं ते असं : पहिल्या थोड्या चालीत काही नाही, मग ब्रेक लागायला सुरुवात होते आणि बोट जितकं ओढेल तितकाच वाढतो. पूर्वी चार बोटं लागायची, आता दोन पुरतात. पुतण्या स्वतः चालवून आला आणि म्हणाला, “काका, हा मऊ वाटतो पण थांबतो.” मोबाईलवरचे रेडियल पंप त्यानंतर दिसले नाहीत.

एक सावधगिरी. हाताची सवय जुन्या पंपाची आहे. कुत्रं आडवं आलं की हात जुन्याच जोराने ओढतो, आणि आता त्याच जोरात ब्रेक तेहतीस टक्के जास्त लागतो. महिनाभर गाडी कोणाला द्यायची नाही.

२१ मे

पाऊस. वळवाचा म्हणून सोडून द्यावा असा नाही, दोन दिवस थांबायलाच तयार नाही. आगोटीची कामं सगळ्यांचीच अर्धवट, आंबा अजून झाडावर.

ओल्यातली चाचणी आयतीच झाली. वेळणेश्वरची उतरण, बांधावरून आलेली जांभ्याची माती रस्त्यावर लाल साय धरून. तीस-चाळीसच्या वेगावर, सरळ रस्ता आणि मागेपुढे कोणी नाही असं बघून पुढचा ब्रेक वाढवत नेला. भिजल्या डिस्कवर पहिला क्षण काहीच लागत नाही, पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत. मग लागतो. चाक सरकायच्या बेताला आलं की ते लिव्हरमध्ये आधी कळतं, बोट अर्धा मिमी सैल केलं की पकड परत येते. जुन्या १२.७ वर, तो नवा असतानाही, ही जागा फार अरुंद होती : लागतो आणि सरकतो यांच्यात बोटाला अंतरच नसायचं.

रस्त्याची पकड पंपाने वाढत नाही. ती माती आणि टायर ठरवतात.

२६ मे

मान्सून कालच तळकोकणात दाखल झाला, आज मुंबईलाही पोचला. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणतात. काम ‘मृगाच्या आत’ या हिशेबावर मे अखेरीपर्यंत ढकललं असतं तर आज बाटली उघडायची सोय नव्हती.

८ जून

धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन आलो. वाशिष्ठीच्या मुखाशी वारा होता, गाडीवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने कॅलिपर, पिना, लिव्हरची खीळ धुतली. प्रेशरचा पंप लावायचा नाही, पाणी रबरी टोप्यांच्या आत घुसतं. साधी बादली आणि तांब्या.

तपासणी : तेल अजून पाण्यासारखं स्वच्छ, पातळी हलली नाही, बँजो कोरडे, लिव्हर दाबून धरल्यावर स्थिर, चाक मोकळं, ब्रेकलाइट लागतो. लिव्हरच्या खिळीला ग्रीसचा थेंब.

तेल बदलायला पुस्तक दोन वर्षं देतं. ओल नुसती झाकणातून जात नाही, रबरी पाइपातूनही झिरपते. टेफ्लॉनच्या पाइपाने ते बरंच कमी होईल, तरी इथे दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला, पावसाने दिलेली ओल बाहेर टाकून, नवं भरणार. पिनाही त्याच वेळी काढून बघायच्या.

खर्च : पंप, पाइप, सील, तेल, वायसरं धरून साडेतीन हजारांच्या आत. जुन्या पंपाचा क्लॅम्प आणि बोल्ट ठेवले, बॉडी भंगारात दिली. पुढचं काम मागच्या ड्रमचं. पुढचा इतका सुधारल्यावर त्याची रड आता जास्तच जाणवते. कॅम काढून बघायचाय, बहुतेक त्याचं ग्रीसही गोंद झालेलं असणार.